कोऱ्या हाताची बाई

एका तिकिटात दोन पिक्चर मी आयुष्यात एकदाच पाहिले, आणि तेही माझ्या आईबरोबर. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. कारण ते दोन्ही पिक्चर बायकांनी बघायचे नव्हतेच. पोष्टरच्या खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं असायचं, फक्त प्रौढांसाठी. आई तेव्हा साठीला टेकलेली, म्हणजे प्रौढच की! पण त्या पाटीचा अर्थ तसा नव्हता, हे लोणावळ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मी लग्न होऊन लोणावळ्यात आले होते. आमचे हे रेल्वेच्या गँगमध्ये, घाटातले रूळ सांभाळायचे. राहायला रेल्वेची चाळ. चाळीतून बाजाराकडं उतरलं की थेटर लागायचं. पत्र्याचं छप्पर, लाकडी बाकं, आणि डाव्या अंगाला कठडा घालून बायकांची जागा वेगळी केलेली. तिला दार वेगळं, आणि मध्ये एक कळकट पडदा. अंधार झाला की पडदा सरकवायचा, दिवे लागायच्या आत पुन्हा ओढायचा. मी शाळेत गेलेली नाही. अक्षरं शिकले ती त्या थेटराच्या भिंतीवरच्या पोष्टरांवरून, भाजी आणायला जाता-येता. म्हणून आजही माझं अक्षर मोठं आणि जाडं येतं.

पावसाळ्यात हवा खायला येणारे पाहुणे नसायचे, थेटर ओस पडायचं. मग मालक कुठूनतरी जुनी, घासून घासून पांढरी पडलेली रिळं आणायचा आणि दोन-दोन जोडून लावायचा. एक विलायती भुताचा, एक आपल्याकडचा डाकूंचा. पोष्टरवर एक बाई तोंड उघडून ओरडत असायची, पदर कुठच्या कुठं. तेवढं पोष्टर मी मान खाली घालून ओलांडायचे. पण खोटं कशाला बोलू, अक्षरं तेवढी वाचून घ्यायचे.

आता माहेरचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

माझं माहेर वडिवळ्याच्या बाजूला, नाणे मावळात. कामशेतला गाडीतून उतरून चालत जायचं. भाताची खाचरं, खाली नदी, वर डोंगरात ठाकरांची वाडी. घरात आई, माझा थोरला भाऊ आणि वहिनी. वडील आधीच गेलेले. भाऊ शेती सांभाळून गाडीनं घोरावाडीच्या एका कारखान्यात मजुरीला जायचा. भाऊ वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. वहिनी नवीन होती तेव्हा तळेगावच्या बाजारातून तिच्यासाठी कागदात बांधून शेव आणायचा आणि आईच्या नकळत चुलीमागं ठेवायचा. आईच्या नकळत म्हणजे काय, आईला सगळं दिसायचं, ती गप्प बसायची.

हे पिक्चर लागले त्याच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. दिवाळीनंतर एक मोटार आणि एक ट्रक भरून माणसं आमच्या नदीवर आली. शूटिंग करायचं म्हणाली. गावातल्या आणि वाडीवरच्या बायका हंडे घेऊन चालताना हव्या होत्या. मी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरीच होते, पण ओली बाळंतीण म्हणून मला उंबरा ओलांडायची बंदी. बाकी सगळ्या गेल्या. आई गेली, वहिनी गेली. आईनंच तिला नेलं. म्हणाली, "चल गं, जत्रंगत हाय."

संध्याकाळी दोघी आल्या त्या हसतच. शूटिंगवाल्या एका माणसानं वहिनीला एकटीला पुढं बोलावून डोक्यावर हंडा दिला होता, हात वर धरा म्हणाला होता, हसा म्हणाला होता. हिला काही हसू येईना. तेव्हा आई मागून ओरडली, "आरं, हंड्यात पानी तरी घाला! रिकामा हंडा घिऊन कोन हसतंय?" आणि वहिनी खुदकन हसली. तेवढंच त्यांनी घेतलं. झालं, एवढीच गोष्ट. चार दिवस घरात तोच विनोद चालला. मग सगळे विसरले.

मग पिक्चर लागले त्या वर्षी भादव्यात, भात पोटरीला आलं असताना, आई अचानक माझ्या दारात. डोक्यावर इरलं, पायात चिखल. कधी न सांगता यायची नाही. मी पाणी दिलं, ते तिनं तसंच बाजूला ठेवलं.

"तुमच्या थेटरात काय लागलंय, ठावं हाय का तुला?"

"आये, असं काय विचारतीस? घानेरडं कायतरी लागलंय."

"त्यात तुजी वैनी हाय."

मी दार ओढून घेतलं. मग तिनं सगळं सांगितलं. कारखान्याला जाताना गाडीच्या डब्यात भावाबरोबरचे गडी त्याला म्हणाले, "काय पाव्हणं, तुमास्नी घरी फुकाट बघाय मिळतंय, आमाला तिकीट काढाय लागतं!" त्याला आधी कळेना. मग तो कामावर न जाता उलट्या गाडीनं लोणावळ्याला आला, माझ्या दारावरून गेला असेल, पण घरी आला नाही. पिक्चर पाहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्यांदा कुणाला तरी बरोबर घेऊन आला. पडद्यावर वहिनी हंडा घेऊन येते, हसते, आणि लगेच नदीत बाई अंघोळ करते. पाठमोरी. अंगावर काही नाही म्हणावं असं. झुडपामागून डाकू बघतोय.

"तवापास्नं त्यो तिच्या हातचं खात न्हाई," आई म्हणाली. "भावकी बसली. पाठवून द्यायची म्हंत्यात इंदुरीला, म्हायेरी."

"इंदुरीला कोण हाय तिचं आता?"

"कोन न्हाई. चुलते हायेत, त्ये दारात उभं करनार न्हाईत." आई पायाचा चिखल नखानं काढायला लागली. "पर आत्ता न्हाई पाठवायची. भात कापून झालं की पोचवून येतो, म्हनला तुजा भाऊ. कापनीला हात पायजेत न्हवं."

हे वाक्य तिनं अगदी सपाट आवाजात सांगितलं. मला अजून ऐकू येतं.

मी लोणावळ्यात राहून पाचपन्नास पिक्चर पाहिलेले. मला माहीत होतं की तोंड एकीचं असतं आणि अंग दुसरीचं, मध्ये नुसती कात्री असते. मी तसं आईला समजावून सांगितलं. पण आमच्या गावात पिक्चर म्हणजे जे घडलं ते, असंच होतं. नदी आपली, हंडा आपला, बाई आपली, मग अंघोळ दुसऱ्या कुणाची असणार? आणि खरं सांगू का, आईलाही खात्री नव्हती.

"ती काय म्हणती?" मी विचारलं.

"ती म्हंती, आत्याबाई, तुमी हुता की तितं. तुमीच सांगा." आई जमिनीकडं बघत राहिली. "आनि मी दुपारची म्हस पाजायला वर गेलते गं. वाईच येळ. पर गेलते."

मग म्हणाली, "मला त्यो शिनेमा दाव."

पोरीला शेजारणीकडं ठेवलं. दोघी दुपारच्या खेळाला गेलो. खिडकीतल्या माणसानं आईकडं बघून न विचारताच सांगितलं, "मावशी, देवाचा पिक्चर शुक्रवारपासून. आज दुसरं आहे."

"आमाला दुसरंच बघायचंय."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "ताई, तुम्ही तरी समजावा यांना. या खेळाला बायकांची बाजू बंद असते."

"मंग पुरुषांत बसतो," आई म्हणाली आणि खरोखरच तिकडं निघाली. रांगेत कुणीतरी शीळ घातली. डोअरकीपरनं धावत येऊन बायकांच्या दाराचं कुलूप काढलं. आत पावसाचं पाणी गळून बाकं ओली झालेली, एका कोपऱ्यात वटवाघळाची घाण. त्या सगळ्या जागेत आम्ही दोघीच. पडद्यापलीकडं पुरुषांचा बिड्यांचा धूर आणि खोकला. आई पदर तोंडावर घेऊन ताठ बसली, देवळात बसावं तशी.

पहिला खेळ विलायती. एक गोरी बाई कबरीतून उठते आणि माणसांची मानगूट धरते. बोलणं सगळं इंग्रजी, त्यात वर पत्र्यावर पावसाचा धडधडाट. पुरुषांच्या बाजूला कुणाला काही कळत नव्हतं, म्हणून ते आपलंच बोलणं घालत होते. ती बाई जिना उतरायला लागली की, "आली, आली, कामशेतची गाडी आली!" आणि सगळे हसायचे. मला तर कधी एकदा हे संपतंय असं झालेलं. आई मात्र त्या भुतीणीकडं टक लावून बघत होती.

"हिला कुनी निवद दावला न्हाई वाटतं," ती हळूच म्हणाली.

"आये, त्यांच्यात नसतं तसं."

"म्हनून तर उठली."

मधली सुट्टी झाली. दिवे लागायच्या आत मी पडदा ओढला. पलीकडून कुणीतरी बोललं, "बायकांच्यात कोन हाय रं आज?" दुसरा म्हणाला, "असंल कुनीतरी धंदेवाली." आईनं ऐकलं. माझा हात दाबला फक्त.

मग दुसरा. काळा-पांढरा, इतका घासलेला की सगळ्यांच्या तोंडावर पाऊस पडतोय असं वाटावं. घोडे, बंदुका, एक डाकू, त्याची एक रखेल नाचते. बराच वेळ आमच्या नदीचं नाव नाही. आणि एकदम, पहिल्यांदा मला नदीकाठची करंजाची झाडं ओळखू आली, मग तो काळा कातळ ज्याच्यावर आम्ही गोधड्या आपटायचो, आणि मग वहिनी. केवढी मोठी! सबंध भिंतीएवढी. डोक्यावर हंडा, एक हात वर, चोळीची बाही कोपरापर्यंत घसरलेली. आणि ती हसली. ते हसू आईनंच काढलेलं. 

लगेच पाणी, आणि ती पाठमोरी बाई. पुरुषांच्या बाजूला आरडाओरडा, शिट्ट्या. मी मान खाली घातली. आईनं घातली नाही. त्या बाईनं केस वर बांधायला दोन्ही हात उचलले, आणि आई ताडकन उभी राहिली.

"हात बघ! आगं, हात बघ तिचा! कोरा हाय!"

मी वर बघितलं तोवर बाई पाण्यात बुडी मारायला लागली होती. पण एक क्षण मलाही दिसला. गोरा, गुळगुळीत, मनगटापासून खांद्यापर्यंत कोरा हात.

इथं थोडं सांगायला हवं. आमच्यात सून घरात आली की सासू तिला गोंदवून घेते. मेल्यावर बाकी सगळं इथंच राहतं, गोंदण तेवढं वर बरोबर येतं, असं म्हणतात. वहिनीचा हात आईनंच गोंदवला होता. कोपराखाली तुळस, बुंध्याला दोन ठिपके. गोंदणारीण सुई टोचत होती तेव्हा वहिनी आईचा पदर दातात धरून बसली होती. एकदा दचकून हलली, म्हणून तुळशीची उजवी फांदी वाकडी आली. ती वाकडी फांदी पडद्यावर आत्ताच हंड्याशेजारी दिसली होती, आईनं ती बघितली होती. आणि पुढच्या बाईच्या हातावर काही नव्हतं.

कठड्यापलीकडं हशा उसळला. "मावशी, हात काय बघता, बाकीचं बघा की!" आईला त्याचं काही नव्हतं. ती खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मी तिला वडील गेले तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं. पुढं डाकू कसा मेला ते आम्ही बघितलंच नाही.

बाहेर आल्यावर ती वेगळीच बाई झाली होती. चिखलातून झपझप चालत म्हणाली, "त्याला आनते. हिलाबी आनते. दोगांस्नी शेजारी बसवून दावते, एक हात भिंतीवरचा, एक हिच्या मांडीवरचा."

"आये, शुक्रवारच्या आत आण. शुक्रवारी बदलतोय."

"आनते, आनते."

पण भाऊ यायला तयार होईना. कामाचा खाडा होतो म्हणाला. तीन वेळा बघताना खाडा झाला नव्हता का, असं आईनं विचारलं, तर उठून गोठ्यात गेला. शेवटी त्याच्या सुट्टीच्या दिवशी, रविवारी, ती दोघांना घेऊन आली.  शुक्रवारी सकाळीच मी भाजी आणायला गेले तेव्हा पोष्टर खरवडून नवं लावत होते. मी मालकाच्या माणसाला विचारलंही, ते जुनं परत लागेल का. तो म्हणाला, रिळं रात्रीच्याच गाडीनं गेली, कुठं ते रिळं पाठवणाऱ्या मुंबईवाल्याला ठाऊक. निरोप पाठवायचा तरी कुणाबरोबर?

थेटरावर झेंडूच्या माळा लावलेल्या. बायका हळदीकुंकवाची ताटं घेऊन आलेल्या, पडद्यावर देव आला की ओवाळायला. आई पोष्टरपुढं उभी राहिली. तिला अक्षर येत नव्हतं, पण देव कळत होता. तशीच मागं वळली. आम्ही सगळे माझ्या खोलीवर आलो.

भाऊ दाराजवळ बसला, बूड टेकवून न टेकवून. वहिनी आल्या आल्या माझ्या स्टोव्हपाशी गेली आणि पाठ करून चहा ठेवायला लागली. महिन्याभरात केवढी वाळली होती. आईनं त्याला सगळं सांगितलं. तुळस सांगितली, फांदी सांगितली, कोरा हात सांगितला.

"तू आई हायेस," भाऊ म्हणाला. "तू तसंच म्हननार."

"आरं, तू तर तीनदा बघितलास! तुला दिसला न्हाई हात?"

"हात?" त्यानं खरंच नवल वाटून विचारलं. "हात कोन बघतंय?"

 आई त्याच्यापुढं सरकून बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "बरं. पडद्यावरचं ऱ्हाऊ दे. हिच्या हातावर काय हाय, तेवढं सांग. ही तुजी बायको हाय. सांग."

भावानं माझ्या पोरीकडं पाहिलं, जमिनीकडं पाहिलं.  "आसंल कायतरी," म्हणाला. "ठिपकं हायेत."

"दाव गं त्याला," आई म्हणाली.

वहिनी वळली नाही. तिनं पदर ओढून दोन्ही हात त्याच्याखाली घेतले आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, आत्याबाई."

"आगं, दाव! तुजंच भलं हाय त्यात."

"रोज भाकरी वाढती मी ह्या हातानं. दिसायचं आसतं तर तवाच दिसलं आसतं." तिचा आवाज चढला नाही, काही नाही. "आता दावत न्हाई."

चहा उतू गेला. तो कुणी प्यायलंच नाही.

तिला इंदुरीला पाठवलं नाही, हे आईचं काम. भावकी देवळात बसली तेव्हा आई पुरुषांच्या पुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, मी जाऊन बघून आले, ती आमची सून न्हवं, आणि ज्याला घर सोडायचं आसंल त्यानं सोडावं, ती जानार न्हाई. भावकीतला एक आबा म्हणाला, "म्हातारे, तू गेलीस तसलं बघायला?" आणि जे हसू झालं, ते पुरलं तिला मरेपर्यंत. गावात तिचं नावच पडलं, शिनेमावाली म्हातारी. ती त्याला ओ द्यायची. पण वहिनीबद्दल पुन्हा कुणी देवळात बसलं नाही. भाऊ हळूहळू तिच्या हातचं खायला लागला. पुढं दोन मुलं झाली. बाहेरून बघणाऱ्याला सगळं नीट.

फक्त वहिनी त्या दिवाळीपासून मनगटापर्यंत बाह्यांचा झंपर घालायला लागली. आमच्याकडं भाताची लावणी गुडघाभर चिखलात वाकून करतात, बायका पदर खोचून बाह्या वर सारतात. ही बाह्या तशाच ठेवायची. ओल्या, चिखलानं जड झालेल्या, दिवसभर. मी म्हणायचे, "वैनी, वर घे की, गारठशील." ती म्हणायची, "सवय झालीया." आई असेपर्यंत आई ते बघायची आणि तोंड फिरवायची. मरताना तिनं वहिनीचा हात मागितला होता, बाहीवरूनच धरून ठेवला. आणि वहिनी तशी खुदकन हसलेलीही मी पुन्हा पाहिली नाही. ते हसू त्या रिळात गेलं. कुठल्या गावच्या थेटरात अजून शिट्ट्या खात असेल, देव जाणे.

वहिनी गेली ती भावाच्या आधी. मी लोणावळ्याहून पोचले तेव्हा तिला अंघोळ घालायची तयारी चालली होती. भाऊ म्हातारा झालेला, बाहेर ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता, कानानं कमी ऐकू यायचं. झंपर काही केल्या निघेना, अंग ताठलं होतं. शेवटी नातसुनेनं कात्रीनं बाही उभी कापली. आत कातडं कसं पांढरं, ऊन न लागलेलं, आणि त्याच्यावर तुळस. हिरवी. कालच गोंदल्यासारखी, वाकडी फांदी आणि बुंध्याशी दोन ठिपके.

"अगं बाई," ती पोर मोठ्यानं म्हणाली, "आजींच्या हातावर केवढी तुळस हाय! आमी कदी बघितलीच न्हाई!"

बाहेरून भावाचा आवाज आला. "काय म्हंते ती? कंची तुळस?"

पोर उत्तर द्यायला तोंड उघडत होती. मी तिला मानेनंच गप्प केलं, आणि म्हटलं, चुलीवरचं पाणी आणा आधी, हे गार व्हायला लागलंय.